ओझरहून घारापुरीस : शालेय सहलीचा एक दिवस

विमानांच्या कारखान्यामुळे नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या विद्यार्थ्यांस आकाश परिचयाचे आहे. समुद्र मात्र बहुतेकांस मुंबईस आल्यावरच दिसतो. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरी गाठता येते. तेथील कातळात कोरलेली, सुमारे वीस फूट उंच त्रिमुखी शिवमूर्ती निवांतपणे पाहावी. एका दिवसात दहा स्थळे उरकण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. सोमवारी लेणी बंद असतात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी याच जलमार्गावर नौदलाची वेगवान नौका धडकून प्रवासी लाँच बुडाली व पंधरा जणांचे प्राण गेले. प्रत्येक विद्यार्थ्याने जीवरक्षक जाकीट नीट बांधले आहे, याची खात्री शिक्षकांनी लाँच धक्क्यावरून सुटण्यापूर्वीच करून घ्यावी.