मोटारसायकलीमागची शयनगाडी

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, लोकशाही, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत चाकावरच्या खाटेला पान मांडावे की नाही, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो गैर नव्हे. परंतु आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घराबाहेर रात्र काढणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. शेगावला पायी किंवा वाहनाने येणारे भाविक आहेत. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत अनेक दिवस मुक्काम ठोकणारी कुटुंबे आहेत. लोणारचे सरोवर पहाटेच्या उजेडात पाहावे म्हणून आदल्या रात्रीच तेथे पोचणारे हौशी आहेत. आणि सगळ्यांत अधिक संख्येने, रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारे शेतकरी आहेत. यांतील पुष्कळांच्या दारी आज मोटारसायकल आहे. तिच्यामागे जोडता येईल, दिवसा सामान वाहील आणि रात्री अंथरूण होईल, अशी गाडी कशी बनते, तिच्यात धोका कोठे असतो आणि ती कोणी बनवू नये, एवढेच येथे सांगायचे आहे.

ही कल्पना परकी वाटत असली तरी आपल्याला अगदीच नवी नाही. यात्रेला निघालेली जुनी दमणी आठवून पाहा. तिला कोणी छकडा म्हणत, कोणी रेंगी म्हणत. वर बांबूच्या कमानी, त्यांवर छप्पर, खाली कडब्याचा थर आणि त्यावर गोधडी. रात्री बैल सोडायचे, धुरेखाली टेकण लावायचे आणि घरची मंडळी त्यातच निजायची. ज्या गोष्टीसाठी आज आपण यंत्रशास्त्राची पुस्तके उघडतो, त्यांतली एक तर दमणी हाकणाऱ्याला तळहाताने कळत असे. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे आले की बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून गाडीवान निघण्यापूर्वी जू हाताने उचलून बघे. हा उलाळ शब्द लक्षात असू द्या, तो पुढे पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात मोटारीमागे ओढायच्या, थेंबाच्या आकाराच्या छोट्या शयनगाड्या हौशी लोक घरच्या घरी बनवू लागले. पुढे मोटारसायकलींसाठी त्यांहून लहान, उघडून तंबू होणाऱ्या गाड्या निघाल्या. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण त्याचा रोख मोठ्या वाहनांकडे आहे. मोटारसायकलवाल्याच्या उपयोगी पडेल असे मोजमाप इंग्लंडच्या नियमांत सापडते. तेथे मोटारसायकलीमागची गाडी एक मीटरपेक्षा रुंद असू नये, मोटारसायकलीच्या मागच्या आसापासून गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर अडीच मीटरपेक्षा अधिक नसावे, आणि भरलेल्या गाडीचे वजन १५० किलो अथवा मोटारसायकलीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत असावे. शिवाय इंजिन १२५ सी.सी.हून मोठे हवे. हे नियम आपल्याला लागू नाहीत, पण ते अनुभवातून आलेले आहेत आणि आखणीला फार सोयीचे आहेत.

अडीच मीटरांच्या अटीतूनच गाडीचा आकार ठरतो. आसापासून जोडापर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर जातात. दांडीला निदान ८५ सेंटिमीटर हवेत, नाहीतर वळताना पेटीचा कोपरा मोटारसायकलीला घासेल. राहिले सव्वा मीटर, आणि सव्वा मीटरात माणूस मावत नाही. म्हणून पेटी सव्वा मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच करावी, व तिचे झाकण मागे बिजागरीवर उलटून बिछान्याचा दुसरा अर्धा भाग करावा. त्यावर दमणीसारख्या कमानी आणि ताडपत्री किंवा जाड कॅनव्हास.

आता वजनाचा हिशेब पाहू. हा कंटाळवाणा वाटला तरी तोच सगळ्यांचा पाया आहे, आणि पहिला पाइप कापण्यापूर्वी तो कागदावर मांडला पाहिजे. २५ मिलिमीटर चौकोनी व १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. पेटीच्या सांगाड्याला असा पावणेसहा मीटर लागेल, म्हणजे ७ किलो. झाकणाच्या चौकटीचे ५ किलो. ५० मिलिमीटर चौकोनी, ३ मिलिमीटर जाडीची दीड मीटर दांडी साडेसहा किलोची. ६ मिलिमीटर प्लायवूड चौरस मीटरला सुमारे ४ किलो, त्याचे १५ किलो. स्कूटरची दहा इंची दोन चाके टायरसह ११ किलो, आस व स्प्रिंगा १३, कमानी व कापड ६, गादी ४. बेरीज साधारण ६८ किलो. पाणी, कपडे, शिधा मिळून २० किलो धरले तर ८८. साडेतीनशे सी.सी.ची मोटारसायकल सुमारे १९० किलोची असते. तिच्या निम्म्याहून हे कमी आहे आणि ती ते बिनतक्रार ओढील. पण खेडोपाडी दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास असते. तिच्या दोन-तृतीयांश म्हणजे ७३ किलो, आणि आपली रिकामी शयनगाडीच ६८ किलोची. इंजिन ओढील हो. इंजिनाची शंका नाहीच. शंका आहे ती थांबवण्याची. ओढण्याची ताकद पाहून गाडी बांधणारा माणूस उलटे मोजतो आहे, असे मी म्हणेन.

वजन ठरले की ते कोठे ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि येथे उलाळ पुन्हा भेटतो. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार दांडीच्या टोकावर, म्हणजे जोडावर यावा. आपल्या गाडीत तो ९ ते १३ किलो होईल. याहून कमी झाला तर गाडी वेगात शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागते, आणि ते हेलकावे आपोआप वाढत जातात. अगदीच मागे भार गेला तर दांडी मोटारसायकलीची पाठ वर उचलते आणि मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. फरक किती थोड्याने पडतो पाहा. दहा लिटर पाण्याचा डबा आसाच्या ४० सेंटिमीटर पुढे होता, तो तितकाच मागे सरकवला तर जोडावरचा भार सुमारे ५ किलोंनी घटतो. ९ चे ४ राहतात. म्हणून डबा बांधलेला हवा. गाडीवान जू उचलून बघत असे, आपण दांडीचे टोक साध्या वजनकाट्यावर टेकवावे. निघताना दर वेळी.

जोडाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गावच्या वेल्डिंगच्या दुकानात चूक होते ती बहुधा येथेच. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर वळताना कलत नाही, मोटारसायकल कलते. ताशी ४० किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेताना ती सुमारे २३ अंश कलते. मागची दोन चाकी गाडी मात्र सरळच उभी राहते. तेव्हा जोडाला तीन हालचाली हव्यात: डावी-उजवीकडे वळणे, वर-खाली होणे आणि स्वतःभोवती पिळणे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतो तसा खिळ्याचा जोड पहिली हालचाल नीट देतो, दुसरी जेमतेम देतो आणि तिसऱ्या वेळी अडतो. अडला की मोटारसायकलीला कलू देत नाही, आणि न कलणारी मोटारसायकल वळत नाही. मोटारींना असतो तो गोळा-वाटीचा जोड बराच बरा, पण त्याचेही पिळणे मर्यादित असते. म्हणून वाटीच्या मागे दांडीत बेअरिंगवर पूर्ण फिरणारी फिरकी बसवावी. मोटारसायकल आडवी पडली तरी मागची गाडी तिच्याबरोबर उलटत नाही, हा तिचा दुसरा फायदा. जोडाचा कंस मोटारसायकलीच्या मूळ सांगाड्याला, मागच्या आसाच्या जवळ आणि शक्य तितका खाली घट्ट बसवायचा. कॅरिअरला किंवा मडगार्डला तो कधीही लावू नये. आणि जोड तुटलाच तर दांडी रस्त्यात रुतू नये म्हणून एक साखळी.

चालवणाऱ्याला दोन सवयी बदलाव्या लागतात. मोटारसायकल एका रेषेत धावते, त्यामुळे खड्डा चुकवणे आपल्या अंगवळणी पडलेले असते. पण मागच्या गाडीची चाके दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर आहेत. तुम्ही खड्डा डावीकडून चुकवलात की तिचे उजवे चाक नेमके त्यात जाते. दहा इंची चाक लहान असल्याने खोल उतरते, आणि फेरेही अधिक घेत असल्यामुळे बेअरिंग तापते. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहावा. दुसरी सवय ब्रेकची. १९० किलोची मोटारसायकल आणि ७५ किलोचा चालक मिळून २६५. त्यांत ८८ मिळवले की थांबवायचे ओझे एक-तृतीयांशाने वाढते आणि त्याच ब्रेकवर थांबायचे अंतरही तितकेच वाढते. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो. २० मीटरला १ मीटर असा उतार धरला तरी गाडी सुमारे साडेचार किलोच्या जोराने सतत पाठीत रेटत असते. वळणात ब्रेक जोरात दाबला तर हाच रेटा मोटारसायकलीची पाठ बाजूला ढकलतो. घाट लहान गिअरमध्ये उतरावा, ब्रेक वळणाच्या आधी लावावा. समृद्धी महामार्गाचा विचार मनातून काढून टाका, तेथे दुचाकींना प्रवेशच नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर त्याला नोंदणी हवी. 'घरीच बनवले आहे' हा बचाव होत नाही; २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरगुती बांधणीची जुगाड वाहनेही मोटार वाहनेच ठरवली. तेव्हा लोखंड विकत घेण्यापूर्वी आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि उत्तर लेखी घ्यावे. विम्याचेही तसेच. चालत्या गाडीत माणूस, विशेषतः लहान मूल, बसवू नये. याला कोणतीही सवलत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर आधी चाकांना दगड, मग पेटीचे आणि झाकणाचे असे चारही पाय टेकवायचे आणि मगच वर चढायचे. झाकणाचा अर्धा भाग आसाच्या मागे लोंबतो. पाय न लावता कोणी तेथे बसला तर साऱ्या गाडीचा उलाळ होईल. आपल्याकडे वैशाखात बंद लाकडी पेटीत झोपवणार नाही, म्हणून थेंबाच्या आकाराची अमेरिकन गाडी मला इकडे निरुपयोगी वाटते. कमानीवरचे कापड दोन्ही टोकांना जाळीचे ठेवावे. आत स्टोव्ह किंवा शेगडी, थंडीतसुद्धा, पेटवू नये. कोंडलेला धूर आणि न दिसणारा विषारी वायू झोपेतच घात करतात.

राहिला जागलीचा शेतकरी. त्याची मोटारसायकल हलकी, म्हणून वरची गाडी त्याच्यासाठी नव्हे. पण गरज सर्वांत निकडीची त्याचीच. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंश पुष्कळदा इतका सौम्य की झोपमोडही होत नाही, आणि रुग्णालयात न्यायचा वेळ हातचा जातो. त्याने प्लायवूड, पेटी, झाकण सगळे सोडून द्यावे. लोखंडी चौकट, तिच्यावर विणलेली नवार, खाली दोन चाके, चार पाय, वर कमानी आणि मच्छरदाणी: ही चाकावरची बाज ३५ ते ४० किलोंत होते. ती मोटारसायकलीने रोज ने-आण करण्याचीही गरज नाही. पेरणीनंतर एकदा बैलजोडीने शेतात नेऊन ठेवावी आणि सुगी संपली की परत आणावी. चौकट जमिनीपासून गुडघाभर उंच असावी, पायांना गवत किंवा फांद्या टेकलेल्या नसाव्यात, आणि मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली असावी. तिचे टोक जमिनीपर्यंत लोंबत राहिले तर सापाला तीच शिडी होते.