तीन शिरांचं सुगंधी घराणं

मसाल्याच्या डब्यातलं एक तमालपत्र घ्या आणि खिडकीपाशी उजेडात धरा. देठाजवळून निघालेल्या तीन ठळक शिरा थेट टोकाकडे धावत गेलेल्या दिसतील. आता आंब्याचं किंवा पेरूचं पान आठवा. तिथे मधोमध एकच मोठी शीर असते आणि बाकीच्या तिला फुटतात. तमालपत्रात मात्र तिघीही बरोबरीने निघतात. ही त्या घराण्याची खूण आहे! दालचिनीचं पान बघा, तशाच शिरा. कॅसिया नावाच्या तिच्या बहिणीचं पान बघा, तशाच शिरा. कापराच्या झाडाचं पान बघा, तिथेही जवळपास तसंच.

हो, कापराचंही झाड असतं! चीन, तैवान आणि जपान हा त्याचा मुलूख. पूर्वी त्याच्या लाकडाचे तुकडे करून, त्यांना वाफ देऊन कापूर मिळवत. देवापुढे आज आपण जाळतो तो कापूर बहुतेक वेळा कारखान्यात, पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो. अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी कापराच्या झाडाला शेजारच्या वेगळ्या गटात बसवलंय, पण नातं जवळचंच आहे.

नातेवाईक असले की गुणही सारखेच असतील, असं आपल्याला वाटतं. पण गंमत अशी, की या घराण्यात एकाच झाडाचे अवयवसुद्धा एकमेकांसारखे नसतात.

कोकणात कुणाच्या नारळाच्या बागेत दालचिनीचं झाड असेल तर जरूर बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सांगितलेल्या 'लाखीबागे'त नारळाच्या सावलीत जायफळ, काळी मिरी आणि दालचिनी लावतात. दालचिनीची कोवळी पालवी लालबुंद असते. मोठ्यांना विचारून एक जून पान तोडा, चुरगाळा आणि वास घ्या. दालचिनीचा वास येईल असं वाटतं ना? येतो लवंगेसारखा! साल खरवडली, तर मात्र ओळखीचा गोडसर तिखट दालचिनीचा वास. आणि मुळांच्या सालीतून तेल काढलं, तर त्यात भरपूर कापूर निघतो! एका झाडात तीन वास, म्हणजेच तीन निरनिराळी रसायनं.

सालीतलं रसायन म्हणजे सिनामाल्डिहाइड. 1834 साली द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते दालचिनीच्या तेलातून वेगळं केलं. दालचिनीचा तुकडा चघळला की जीभ चुरचुरते, ती याच्यामुळे. आपल्या नसांमध्ये एक संवेदक असतो, सिनामाल्डिहाइड लागलं की तो जागा होतो. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तोही याच संवेदकामुळे जाणवतो. प्रयोगशाळेत हे रसायन अनेक जिवाणूंची आणि बुरशींची वाढ रोखतं. झाड ते स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं, आपल्या शिऱ्यासाठी नाही!

पानातलं रसायन म्हणजे युजेनॉल. लवंगेत असतं तेच. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो खास वास येतो, तो बऱ्याचदा याचाच. युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या पुडीत कालवून ते दातात तात्पुरतं भरतात. ठणका कमी होतो. तमालपत्राच्या तेलातही अनेकदा युजेनॉल सापडतं, पण कुठल्या डोंगरातलं झाड आहे त्यावर ते बदलतं.

कापूर बाममध्ये असतो, त्याने त्वचेला गार वाटतं. पण लक्षात ठेवा, तो पोटात गेला तर विष आहे. थोडासा कापूरही लहान मुलांना झटके आणू शकतो. प्रसादाच्या ताटात चुकून पडलेली कापराची वडीसुद्धा तोंडात घालायची नाही. घरातल्या धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या दोन बहिणींकडे येऊ. बाजारात 'दालचिनी' म्हणून जे मिळतं, ते पुष्कळदा कॅसिया असतं. ओळखायचं कसं? डब्यातला तुकडा काढा आणि त्याच्या टोकाकडे बघा. खरी दालचिनी, म्हणजे श्रीलंकेची आणि आपल्या कोकण-केरळातली, सुरळीच्या वडीसारखी असते: कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी सहज चुरा होणारे. कॅसियाचा तुकडा एकाच जाड सालीचा, टणक, लाकडासारखा. वासही जास्त उग्र.

दोघींत सिनामाल्डिहाइड आहेच. फरक आहे तो कुमारिनमध्ये. हे रसायन 1820 साली टोंका नावाच्या बियांमधून मिळालं, त्याला व्हॅनिलासारखा छान वास येतो. सिनामाल्डिहाइडच्या रेणूत कार्बनचे 9 अणू असतात, कुमारिनच्या रेणूतही 9! झाड ही दोन्ही एकाच कच्च्या मालापासून, सिनामिक आम्लापासून, बनवतं. वाट मधे कुठेतरी फुटते. खऱ्या दालचिनीत कुमारिन नावापुरतंच असतं, कॅसियात मात्र भरपूर.

भरपूर म्हणजे किती? हिशोब करू या. जास्त कुमारिन रोज पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो, म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 0.1 मिलीग्रॅम. तुमचं वजन 20 किलो असेल, तर 2 मिलीग्रॅम. जर्मनीतल्या मोजणीत 1 ग्रॅम कॅसिया पुडीत सरासरी 3 मिलीग्रॅम कुमारिन आढळलं. म्हणजे रोज चिमूटभर ठीक, पण रोज चमचाभर नाही. पुलावातल्या तुकड्याला घाबरू नका, एखाद्या दिवशी जास्त झालं तरी बिघडत नाही. ही मर्यादा वर्षानुवर्षं रोज खाण्यासाठी आहे.

म्हणूनच 'मधुमेहावर रोज दालचिनीची पूड घ्या' असा निरोप आजोबांच्या फोनवर आला, तर त्यांना विचारा, कुठली दालचिनी? 2003 साली पाकिस्तानात 60 रुग्णांवर झालेल्या ज्या अभ्यासाने ही चर्चा गाजली, त्यात वापरलेली दालचिनी कॅसिया होती. नंतरच्या अभ्यासांची उत्तरं एकसारखी आली नाहीत. निरोपात मात्र बहिणीचं नाव नसतं. आजोबांनी डॉक्टरांना विचारावं, आणि तुम्ही त्यांच्यासाठी डब्यातला तुकडा तपासून द्यावा: पापुद्रे किती, ते मोजून.