पहिल्या महायुद्धातले वैमानिक : त्यांचा दिवस कसा जायचा?



ओहायोतलं डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. तिथलं अमेरिकन हवाई दलाचं भव्य संग्रहालय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. प्रवेश विनामूल्य, त्यामुळे मुलांना घेऊन आपण हमखास जातो आणि थेट जेट विमानांकडे धावतो. यावेळी आम्ही मुद्दाम पहिल्या महायुद्धाच्या दालनात थांबलो. तिथे 'न्यूपोर २८' हे लाकूड आणि कापडाचं छोटंसं विमान आहे. अशा विमानांतून लढणाऱ्या मुलांचा दिवस कसा जात असेल?

अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये. पण त्याच्या वर्षभर आधीच सात अमेरिकन स्वयंसेवकांना घेऊन फ्रान्सने एक तुकडी उभी केली होती. तीच पुढे 'लाफायेत एस्काद्रिल' म्हणून गाजली.

पहाटे अंधारात उठायचं, घोटभर कॉफी घ्यायची आणि उजाडताच गस्तीवर निघायचं. एक गस्त साधारण दोन तासांची. बसायची जागा उघडी, पंधरा हजार फुटांवर हाडं गोठवणारी थंडी आणि प्राणवायूची सोय नाही. अंगात फरचा कोट आणि तोंडाला चरबी चोपडलेली!

त्यांच्या बऱ्याच विमानांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्याला वंगण कसलं, तर चक्क एरंडेल! पेट्रोलमध्ये ते सहज मिसळत नाही म्हणून. ते तेल उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं, थोडं पोटातही जायचं. लहानपणी ज्यांना आजीने एरंडेल पाजलंय, त्यांना पुढचं सांगायला नको!

सुरुवातीच्या 'न्यूपोर ११' मध्ये बंदूक वरच्या पंखावर असे. ४७ गोळ्या संपल्या की दांडा गुडघ्यांत धरायचा आणि हात वर करून गोळ्यांचा नवा डबा बसवायचा, तोही लढाई चालू असताना.

पाऊस असला की मात्र सुट्टी. मग पत्ते, घरी पत्रं आणि तुकडीने पाळलेल्या सिंहाच्या दोन छाव्यांशी खेळ. त्यांची नावं 'व्हिस्की' आणि 'सोडा', बरं का!

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे आयुष्य नव्हतं. २३ जून १९१६ ला व्हिक्टर चॅपमन रुग्णालयातल्या जखमी मित्रासाठी संत्री घेऊन निघाला, वाटेत लढाईत शिरला आणि परतलाच नाही. तुकडीतला तो पहिला बळी.

सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे पॅराशूट. टेहळणीच्या फुग्यांतल्या सैनिकांना ते मिळायचं. १९१८ मध्ये जर्मन वैमानिकही वापरू लागले. अमेरिकन लढाऊ वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ते मिळालं नाही. नवख्यांना शिकवणारा अनुभवी राउल लुफबेरी १९ मे १९१८ ला लढाईत विमानातून खाली पडून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाकीचे पुन्हा गस्तीवर जायचेच होते.

आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्याच आकाशात, ब्रिटिशांकडून, पॅराशूटशिवायच लढत होते. ३० जून १९१८ ला जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या हांगार गावी त्यांची कबर आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी डेटनला गेलात की या दालनात थोडं थांबा. मुलांना त्या विमानाची उघडी बैठक दाखवा आणि आपल्या वेलिणकरांची गोष्टही सांगा!