पाणी तोडू नका

१९७६ सालची गोष्ट. मी सहा वर्षांचा होतो, धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. थंडीचे दिवस होते. त्याला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. 'दात येताहेत,' कुणी म्हणालं. 'पाणी देऊ नका, जुलाब वाढतील,' असंही सांगितलं. अम्मीनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले, टाळू खचली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. आमच्या श्रीरामपूरभोवती कालव्याचं पाणी उसाला मिळत होतं. घरातलं लेकरू मात्र पाण्यावाचून गेलं.

त्याची तपासणी कुणी केली नव्हती. पण तान्ह्या मुलांच्या अशा जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे रोटाव्हायरस. १९७३ मध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो मेलबर्नमध्ये सापडला. तो चाकासारखा दिसतो. लॅटिनमध्ये 'रोटा' म्हणजे चाक. लहान आतड्याच्या अस्तरातल्या शोषण करणाऱ्या पेशी तो मारतो. अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. हात धुवावेत, पाणी उकळावं, पण तेवढ्यानं तो थांबत नाही. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतल्या मुलांनाही तो गाठायचा. तिथली मुलं बहुधा वाचत. गरीब देशांतली लाखो दगावत.

आजारी आतड्यातही साखर आत शिरताना मीठ आणि पाणी सोबत नेते. ओआरएसचं सारं रहस्य एवढंच. १९७१ मध्ये बनगावला, निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना असंच पाणी पाजून वाचवलं. ती बातमी आमच्या गल्लीत पोचली नव्हती.

आज आणखी एक आधार आहे. २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस मोफत मिळते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे देतात. सगळे जुलाब तिनं टळत नाहीत, पण या विषाणूचा जीवघेणा आजार बराच टळतो.

तरीही जुलाब लागले, तर ओआरएसची एक लिटरची पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध तोडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंक द्या. मूल मलूल झालं, पाणी पिईना किंवा लघवी थांबली, तर लगेच दवाखाना गाठा.

अम्मी जन्मभर स्वतःला दोष देत राहिली. दोष तिचा नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतो आहे. तुम्हीही शेजारच्या घरी सांगा.