मुलांसह लोहगड : ओझे हलके, वाट सोपी

पिके निघाली की घरात चार दिवस उसंत असते. अशा वेळी मुलांना घेऊन डोंगर पाहायला का जाऊ नये? पवनेकाठच्या सांगवीकडचे कुटुंब दापोडीला लोणावळ्याची लोकल धरून मळवलीला उतरते आणि भाजे गावावरून पायी लोहगडाची वाट धरते. भाजे लेणी वाटेतच आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांची जुनी. मोठ्या माणसाला लोहगडवाडीपर्यंत दोन तास लागले, तर मुलांसह तीन धरावेत.

आता ओझ्याचे बोलू. बहुतेक मंडळी येथेच फसतात. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त देऊ नये. तीस किलोच्या पोराला तीन किलो पुरे, आणि त्यात त्याचे पाणीही आले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! म्हणून गोधडी घरीच ठेवा. ती भिजली तर उचलवत नाही. एक पातळ चादर आणि एक लोकरी स्वेटर पुरतो. कपडे लवकर वाळणारे असावेत. जाड सुती विजार ओली झाली की वाळता वाळत नाही. पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद न्या, पण खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी कधीही नको. स्टोव्ह-भांडी कशाला? धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाणे बांधून घ्या. मुक्काम करायचाच असेल तर गडावर नको, पायथ्याच्या लोहगडवाडीत करा.

गडावर चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. पुरंदरच्या तहात 1665 साली मोगलांना दिलेला हा गड महाराजांनी 1670 साली परत घेतला, हे मुलांना तिथेच पायरीवर बसवून सांगावे. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत लोहगड आहे. विंचूकाटा मुलांना फार आवडतो, पण तेथे लहानग्याचा हात सोडू नये.

एक गोष्ट मात्र हलक्याने घेऊ नका. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत मुले होती. पाणी गुडघ्याएवढे दिसते, पण वर डोंगरात पाऊस कोसळला की क्षणात चढते. पावसाळ्यात मुलांना वाहत्या ओढ्यात उतरवूच नये. विजा चमकू लागल्या तर तटावरून खाली यावे. रविवारी गर्दीही अफाट असते, पायऱ्यांवर माणसे अडकून पडतात. आपल्याला सुट्टीचा वार थोडाच पाहायचा असतो? आठवड्यातला मधला दिवस निवडा आणि दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेव्हा परतीची वेळ मळवलीला उतरतानाच विचारून ठेवा.