विश्लेषण : चांगले संगीत विस्मृतीत का जाते? तीन संगीतकार आणि त्यांच्या ‘चेंबर म्युझिक’ची गोष्ट

एक क्वार्टेट १५४ वर्षे छापले गेले नाही. एक सोनाटा स्पर्धेत बरोबरीत आला, पण तो लिहिणाऱ्या बाईच्या अस्तित्वावरच शंका घेतली गेली. एका क्वार्टेटचा तर आज एकच भाग उरला आहे.

१९१९ साली अमेरिकेतील पिट्सफिल्ड गावी एक संगीतरचना स्पर्धा झाली. व्हायोला आणि पियानो या दोन वाद्यांसाठी नवी रचना पाठवायची होती. सत्तरहून अधिक रचना आल्या. स्पर्धकांची नावे परीक्षकांना कळू दिली नव्हती. शेवटी दोन रचना उरल्या आणि सहा परीक्षकांची मते तीन-तीन अशी विभागली गेली. स्पर्धेच्या आश्रयदात्या एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांनी निर्णायक मत दिले आणि अर्नेस्ट ब्लॉख विजेते ठरले. मग उत्सुकता म्हणून दुसऱ्या रचनेच्या कर्त्याचेही नाव पाहण्यात आले. ते होते रिबेका क्लार्क.

एका स्त्रीचे नाव पाहून परीक्षक चकित झाले. पुढे तर ‘रिबेका क्लार्क’ हे ब्लॉख यांचेच टोपणनाव असावे, अशीही कुजबुज झाली. क्लार्क यांचा हा व्हायोला सोनाटा आज जगभरचे व्हायोलावादक वाजवतात. मात्र मधली कित्येक दशके तो जवळपास ऐकूच येत नव्हता. असे का झाले? आणि असे आणखी किती संगीत हरवले असेल?

चेंबर म्युझिक म्हणजे काय?

चेंबर म्हणजे खोली. दोन ते साधारण नऊ वादक, प्रत्येकाची वाजवायची ओळ वेगळी आणि समोर हातवारे करणारा कंडक्टर नाही, अशा संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. ऑर्केस्ट्रा सभागृहासाठी असतो, तर हे संगीत मुळात घरातल्या दिवाणखान्यासाठी लिहिले गेले. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखे ऐकणारे थोडे असतात आणि वादकाच्या अगदी जवळ बसलेले असतात.

यातला सर्वात मानाचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असतो. व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या पट्टीतला. पियानो, व्हायोलिन आणि चेलो एकत्र आले की पियानो ट्रिओ होतो. मुंबईलाही हा प्रकार परका नाही. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि त्यानंतर बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केले होते.

साधारणपणे एकोणिसावे शतक हा युरोपीय संगीताचा रोमँटिक काळ आणि विसाव्या शतकाची पहिली काही दशके हा आधुनिकतेचा आरंभ मानला जातो. या दीडशे वर्षांत अगणित चेंबर रचना लिहिल्या गेल्या. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र शूबर्ट, शूमान, ब्राम्स, ड्वोर्झाक, डेब्युसी, बार्टोक अशी ठरावीक नावेच पुन्हा पुन्हा दिसतात.

विस्मृती म्हणजे गुणवत्तेचा निकाल का नव्हे?

‘चांगले असते तर टिकले असते,’ असे सहज म्हटले जाते. पण हे संगीत टिकते कसे, ते आधी पाहायला हवे. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. क्वार्टेट मात्र कागदावर राहते. शिवाय संपूर्ण रचना एकत्र लिहिलेले एक हस्तलिखित असून भागत नाही. चारही वादकांना आपापल्या ओळींचे वेगळे कागद लागतात. ते कोणीतरी उतरवून काढावे लागतात, छापावे लागतात, विकावे लागतात.

म्हणजे रचनाकार, प्रकाशक, सुटे कागद, वादक, मंच आणि ध्वनिमुद्रण अशी ही साखळी आहे. जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेसारखी. एक बल्ब गेला की सगळी माळ विझते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते की सगळेच बल्ब खराब होते. पुढच्या तीन उदाहरणांत वेगवेगळा बल्ब गेलेला दिसतो.

फॅनी हेन्सेल : छापलेच नाही तर?

प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन यांच्या फॅनी या थोरल्या भगिनी. जन्म १८०५ चा. दोघा भावंडांचे शिक्षण सारखेच, शिक्षकही तेच. पण फॅनी १४ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना पत्रातून स्पष्ट सांगितले, की संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी ते केवळ अलंकार राहील. लग्नानंतर त्या फॅनी हेन्सेल झाल्या. बर्लिनमधील त्यांच्या घरच्या रविवारच्या मैफली शहरात नावाजलेल्या होत्या. तिथे त्या पियानो वाजवत, वादकांना जमवत आणि स्वतःच्या रचनाही सादर करत.

१८३४ मध्ये त्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले. त्या काळी क्वार्टेटचा पहिला भाग बहुधा जलद लयीचा आणि ठरलेल्या आराखड्याचा असे. फॅनी यांनी सुरुवातच विलंबित भागाने केली आणि सूरही एका जागी स्थिर ठेवले नाहीत. फेलिक्स यांना हे रुचले नाही. रचनेला आकाराची शिस्त हवी, असे त्यांनी पत्रातून कळवले. फॅनी यांनी त्यानंतर पुन्हा क्वार्टेट लिहिले नाही.

स्वतःच्या नावाने रचना छापायला त्यांनी १८४६ साली सुरुवात केली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, रविवारच्या मैफलीची तालीम सुरू असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा पियानो ट्रिओ १८५० मध्ये छापला गेला. क्वार्टेट छापायला मात्र १९८८ साल उजाडले. तोवर ते वाईट ठरवायलाही कोणाच्या हाती कागद नव्हता.

हयातीत यश मिळाले तर रचना टिकते का?

तशीही खात्री नाही. पॅरिसच्या लुईज फारेंक (१८०४-१८७५) यांचे उदाहरण बोलके आहे. त्या १८४२ पासून तीस वर्षे पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये पियानोच्या प्राध्यापिका होत्या. पगार मात्र पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी. १८५० मध्ये त्यांची नऊ वाद्यांसाठीची रचना सादर झाली. वादकांत तरुण व्हायोलिनवादक योझेफ योआखिम होते. कार्यक्रम गाजला. त्या यशाच्या बळावर फारेंक यांनी समान वेतन मागितले आणि मिळवलेही. चेंबर म्युझिकसाठीचा शार्तिए पुरस्कार त्यांना १८६१ आणि १८६९ असा दोनदा मिळाला. पण त्या काळच्या पॅरिसला ऑपेराचे वेड होते. नाव मिळायचे ते रंगभूमीवर. फारेंक यांनी ऑपेरा लिहिला नाही. त्यांच्यामागे त्यांच्या रचना वाजवत राहणारे उरले नाहीत आणि शतकभर त्यांचे नाव पुस्तकांतल्या एखाद्या ओळीपुरते राहिले.

रिबेका क्लार्क : छापले, पण कर्त्यावरच विश्वास नसेल तर?

क्लार्क (१८८६-१९७९) यांच्याबाबत सुरुवातीचे सगळे दिवे पेटले होते. त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. तिथे चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी त्यांना व्हायोलिनऐवजी व्हायोला धरायला सांगितले, कारण व्हायोला वाजवणारा नादाच्या मधोमध बसतो आणि रचना आतून ऐकतो. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर व्हायोला वाजवूनच त्यांनी पोट भरले. १९१२ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा ज्या मोजक्या स्त्रियांना घेतले गेले, त्यांत त्या होत्या.

१९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात त्यांच्याच बऱ्याच रचना होत्या. पत्रिकेवर आपलेच नाव सारखे नको, म्हणून एका रचनेखाली त्यांनी ‘अँथनी ट्रेंट’ असे काल्पनिक पुरुषाचे नाव घातले. समीक्षकांचे लक्ष या न जन्मलेल्या ट्रेंट यांच्याकडेच अधिक गेले. पुढच्याच वर्षी पिट्सफिल्डचा प्रसंग घडला. १९२१ च्या स्पर्धेत त्यांचा पियानो ट्रिओ पुन्हा दुसरा आला. १९२३ मध्ये कूलिज यांनी त्यांच्याकडून चेलो आणि पियानोसाठी रचना लिहून घेतली.

सोनाटा १९२१ मध्ये छापलाही गेला. पण संगीत रचणारी स्त्री हा अपवाद मानला जात असल्याने दुसऱ्या कामाची, सातत्याने वाजवले जाण्याची, नव्या आवृत्तीची वाट बंद होत गेली. त्यांनी सुमारे शंभर रचना लिहिल्या. हयातीत छापल्या गेल्या त्या वीसच्या आसपास. १९४४ मधील विवाहानंतर त्यांचे लेखन जवळपास थांबले.

त्या पुन्हा सापडल्या त्याही योगायोगाने. न्यूयॉर्कचे रेडिओ निवेदक रॉबर्ट शर्मन हे पियानोवादक मायरा हेस यांच्याविषयी माहिती घेण्यासाठी त्यांच्या जुन्या मैत्रिणीला भेटले. बोलता बोलता कळले, की समोरच्या वृद्ध बाई स्वतःच संगीतकार आहेत. १९७६ मध्ये क्लार्क यांच्या नव्वदीनिमित्त रेडिओवर त्यांचे संगीत वाजले आणि विझलेली माळ पुन्हा लागली. तीन वर्षांनी त्यांचे निधन झाले.

जॉन फोल्ड्स : कागदच हरवले तर?

तिसरे उदाहरण भारतात घडलेले आहे. जॉन फोल्ड्स (१८८०-१९३९) हे मँचेस्टरचे चेलोवादक. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ त्यांनी लिहिलेली भव्य रचना १९२३ पासून चार वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे बाराशे कलाकारांसह सादर होत असे. त्यानंतर ब्रिटनमध्ये ते मागे पडले. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी भारतीय संगीताच्या जाणकार होत्या. १९३५ मध्ये हे कुटुंब भारतात आले आणि फोल्ड्स दिल्लीत रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. भारतीय वाद्यांचा वृंद उभा करून त्यासाठी ते रचना लिहू लागले.

मराठी वाचकाला त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. १९३८ मध्ये त्यांनी हार्मोनियमविरोधात खरमरीत लेख लिहिला होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या वातावरणात या लेखाचाही वाटा होता. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. त्यांच्या आक्षेपामागे त्यांचे स्वतःचे संगीतही होते. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूर पेटीवर निघत नाहीत. फोल्ड्स यांनी नेमके असे सूर आपल्या चेलो सोनाटात वापरले होते.

१९३१-३२ मध्ये लिहिलेले त्यांचे ‘क्वार्टेटो इंटिमो’ त्यांच्या हयातीत वाजले नाही. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्याला बदली होऊन गेल्यावर काही दिवसांतच कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. भारतातल्या वर्षांत लिहिलेले त्यांचे बरेचसे कागद नंतर सापडलेच नाहीत. १९७० च्या दशकात समीक्षक माल्कम मॅकडोनल्ड यांनी शोध घेतला, तेव्हा फोल्ड्स यांच्या मुलीने जपून ठेवलेली हस्तलिखिते हाती लागली. त्यातून ‘इंटिमो’ वाचले. १९८० च्या दशकात एंडेलियन क्वार्टेटने ते ध्वनिमुद्रित केले. त्यानंतरच्या ‘क्वार्टेटो जेनियाले’चा मात्र एकच विलंबित भाग उरला आहे.

आता परिस्थिती बदलली का?

बरीच. २००६ मध्ये एडवर्ड गुओ या संगीताच्या विद्यार्थ्याने ‘आयएमएसएलपी’ हे ऑनलाइन भांडार सुरू केले. स्वामित्वहक्क संपलेल्या रचनांचे कागद तिथे मोफत मिळतात. २००७ मध्ये एका युरोपीय प्रकाशकाच्या कायदेशीर नोटिशीनंतर ते काही महिने बंद होते, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले. एखाद्या क्वार्टेटचे चार सुटे भाग आता फोनवरही उतरवून घेता येतात.

कायद्याची मर्यादा आहेच. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क कायम राहतात. त्यामुळे क्लार्क यांच्या हयातीत छापलेल्या रचनाही इथे २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. शिवाय कागद मिळाला तरी मंच मिळतोच असे नाही. कार्यक्रम ठरवणारे तिकीटविक्रीकडे पाहतात आणि ओळखीचे नाव छापणे त्यांना सोपे वाटते.

ऐकायचे कुठून?

सुरुवात क्लार्क यांच्या सोनाटाने करावी. पियानोने धरून ठेवलेल्या सुरांवर व्हायोला एकदम हाक घालतो, ती हाकच पुढे घेऊन जाते. तीन भाग, साधारण २५ मिनिटे. त्यानंतर हेन्सेल यांचे क्वार्टेट. २०१३ मधले एबेन क्वार्टेटचे ध्वनिमुद्रण सहज मिळते. त्यात फेलिक्स यांची क्वार्टेटेही आहेत, त्यामुळे भावाबहिणीतला तो वाद स्वतःच्या कानांनी पडताळता येतो. मग फारेंक यांची नऊ वाद्यांची रचना. फोल्ड्स शेवटी, शांत वेळी आणि हेडफोन लावून.

‘जेनियाले’चा उरलेला भागही ऐकावा. तो संपल्यावर पुढचा भाग सुरू होत नाही. आधीच्या तिन्ही रचना उशिरा का होईना परत आल्या, कारण त्यांचे कागद कुठल्या तरी कपाटात शिल्लक होते. इथे कपाटच रिकामे आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या हस्ताक्षरातल्या बंदिशींच्या वह्या किंवा जुन्या टेप पडून आहेत, त्यांनी निदान त्यांचे फोटो काढून, टेप डिजिटल करून ठेवायला हरकत नाही.