एक दिवसाचा नाखवा

माझ्या मुलाची परीक्षा मी शेवटची पाहिली ती तो इंजिनीअर झाला तेव्हा. त्यानंतर थेट २०२३च्या मार्चअखेरीस, फ्लोरिडातल्या त्याच्या घरी, शुक्रवारी रात्री जेवणे झाल्यावर तो संगणकासमोर बसला आणि म्हणाला, ''बाबा, जरा शांत बसा. माझा पेपर आहे.''

पेपर होता होडी चालवण्याचा. दुसऱ्या दिवशी एक बोट दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचा बेत होता. त्या राज्याचा कायदा असा, की १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला दहा किंवा अधिक अश्वशक्तीची बोट हाकायची, तर सुरक्षिततेची परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. माझा मुलगा १९८९चा. मी सहज विचारले, ''आणि माझे काय?'' तो हसून म्हणाला, ''तुम्ही १९५९चे. तुम्हाला काहीच लागत नाही.''

म्हणजे गंमत बघा. ज्याला पोहता येते, नकाशा वाचता येतो, त्याला परीक्षा. आणि ज्याने उभ्या आयुष्यात लेजरपलीकडे काही हाकले नाही, त्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला सरकार म्हणते, खुशाल जा! माझ्या मनात त्या रात्री थोडी शेखी शिरली, हे कबूल करतो. पुढे जे झाले त्याची सुरुवात तिथेच असावी.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर डनीडन नावाचे टुमदार गाव आहे. अक्षांश जवळजवळ दिल्लीचा, पण समोर मेक्सिकोचे आखात. त्यामुळे दिल्लीची थंडीही नाही आणि धूळही नाही. गाव आणि आखात यांच्यामध्ये वाळूची लांबट बेटे पसरली आहेत. त्यातले कॅलेडेसी हे बेट आमचे मुक्कामाचे ठिकाण. बेट आणि गाव यांच्यामधले पाणी शांत, उथळ, काचेसारखे. कित्येक ठिकाणी ते कमरेएवढेच, आणि तळाशी समुद्रगवताची कुरणे. बोटीच्या पंख्याने हे गवत खरवडले तर ते भरून यायला वर्षे लागतात, म्हणून मोटारबोटींनी आखून दिलेल्या वाटेनेच जायचे. वाटेच्या दोन्ही अंगांना खांब, एकीकडे हिरव्या चौकोनी पाट्या, दुसरीकडे लाल त्रिकोणी. समुद्राकडून बंदरात परतताना लाल पाटी उजव्या हाताला ठेवायची. बहुतेक खांबांच्या डोक्यावर कैकर या मासेखाऊ शिकारी पक्ष्याने काटक्यांचा पसारा मांडून संसार थाटलेला. सरकारी मालमत्तेवरचे हे अतिक्रमण कोणी हटवत नाही.

बोट म्हणजे दोन लांब ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्यांवर ठेवलेली बैठकीची खोली. वर कापडी छत, कडेने सोफे, मागे मोटार. दिवसाचे भाडे चारशे डॉलरच्या घरात, पेट्रोल वेगळे, शिवाय अनामत. धक्क्यावरच्या तरुणाने करारपत्र पुढे केले तेव्हा मुलगा सही करायला निघाला होता. मी ते हातातून घेतले आणि चारही पाने वाचली. मागे रांग खोळंबली, सून इकडेतिकडे बघू लागली. पण बत्तीस वर्षांची सवय जात नाही. कलम अकरा असे, की बोट वाळूत रुतल्यास, कारण काहीही असो, ओढून आणण्याचा खर्च, उशिराचे भाडे आणि पंख्याची दुरुस्ती भाडेकरूची. ''कलम चोख आहे,'' असे मी मुलाला सांगितलेसुद्धा.

पाच वर्षांच्या नातीला लाइफ जॅकेट घातले. सहाच्या आतल्या मुलांना अशा चालत्या बोटीत ते सक्तीचेच. मी ते आपणहून घातले. सौ.ला एकादशी होती, तिने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा मांडीवर घट्ट धरला. निघालो.

पहिला तास फार सुखाचा गेला. एका टापूत मॅनेटी या प्राण्यासाठी वेग अगदी कमी ठेवण्याची पाटी होती. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात जी समुद्रगाय सापडते, तिची ही चुलत बहीण. हत्तीशीही दूरचे नाते सांगते. नातीला पाण्यावर दोन नाकपुड्या दिसल्या, आम्हाला फक्त वर्तुळे दिसली. तिने दिवसभर त्या नाकपुड्यांचे वर्णन केले.

मध्येच मुलाने सुकाणू माझ्या हाती दिले. ''चालवा, बाबा.'' चाक डावीकडे फिरवले की बोट जरा विचार करून मग वळते, आणि वळू लागली की थांबवायची म्हटली तरी थांबत नाही. आमच्या मुख्य कार्यालयाचीही हीच रीत होती.

या कॅलेडेसीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते आणि शेजारचे हनिमून आयलंड मिळून पूर्वी एकच बेट होते, नाव हॉग आयलंड, म्हणजे वराहबेट. १९२१च्या चक्रीवादळाने त्याचे दोन तुकडे केले. पुढे १९८५च्या एलेना वादळाच्या वेळी दक्षिणेकडची खाडी वाळूने बुजली आणि बेट त्या बाजूने क्लिअरवॉटरच्या किनाऱ्याला चिकटले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४मध्ये हेलीन आणि मिल्टन ही दोन वादळे दोन आठवड्यांच्या आत याच किनाऱ्यावर येऊन गेली. वाळूच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे ठेवायचा, हा प्रश्नच आहे. तरी माणूस राहतोच. स्वित्झर्लंडहून आलेल्या हेन्री शारर नावाच्या माणसाने १८९०च्या दशकात इथे बिऱ्हाड केले. त्याची मुलगी मर्टल बेटावरच जन्मली आणि गावातल्या शाळेत ती स्वतः होडी वल्हवत जात असे. हे ऐकल्यावर माझी नात आईला म्हणाली, ''मग मला बसने का पाठवता?''

अकराच्या सुमारास बेटाच्या आतल्या अंगाला वाळूच्या दांड्याजवळ नांगर टाकला. पाण्यात खेळणे झाले, खिचडी झाली. दीडच्या सुमारास मुलगा म्हणाला, ''बाबा, बोट तळाला टेकायला लागली आहे. ढकलून खोल पाण्यात नेऊ या का?'' आणि पिशवीतून फोन काढू लागला, भरती-ओहोटीचे तक्ते बघायला.

मी मालवणच्या शाखेत १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे काढली आहेत. तिथे शेंबडे पोरही सांगेल, की तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, तर त्यानंतर सहा तासांनी, सव्वादोनला सुकती संपणार. ''फोन कशाला हवा?'' मी म्हणालो. ''पाऊण तासात पाणी फिरेल. तीनला बोट आपोआप तरंगेल.''

त्याने माझ्याकडे बघितले आणि फोन पिशवीत परत ठेवला.

सव्वादोन झाले. पाणी उतरतच होते. तीन वाजता बोट वाळूवर अशी बसली होती, जशी दिवाणखान्यात पलंग बसतो. मग तक्ता पाहिला. ओहोटी संपायची वेळ चारनंतरची होती. सगळ्यांनी मिळून ढकलली, हलली नाही. धक्क्यावर फोन केला. उत्तर मिळाले ते कलम अकरा.

जवळच गुडघाभर पाण्यात एक म्हातारा पाग फेकत होता. अगदी आपल्या खाडीत फेकतात तसा, दातात एक कड धरून. तो आला, बोटीभोवती फिरला आणि म्हणाला, बसून राहा. मी त्याला माझे पाऊणपटीचे गणित सांगितले, मुलाने ते इंग्रजीत नीट मांडले. तो हसला नाही. म्हणाला, हे पाणी तसे नाही. कधी दिवसात दोन भरत्या, त्याही लहानमोठ्या; कधी एकच. मालवणला उधाणाला पाणी दोन मीटरहून अधिक चढते-उतरते, पण वेळ पाळते. इथे चढउतार जेमतेम पाऊण-एक मीटर, आणि वेळेचा भरवसा तक्त्याशिवाय नाही.

त्याच्या टोपलीत बोय मासे होते. हे मासे पूर्वी तो मोठ्या जाळ्याने धरीत असे. नोव्हेंबर १९९४मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून गिलनेट जाळ्यांवर बंदी घातली. जुलै १९९५पासून ती लागू झाली. सरकारने जुनी जाळी विकत घेतली. पाग तेवढा राहिला. मी विचारले, ''आणि बोट?'' तो म्हणाला, ''बोट बँकेची होती.''

तो गेल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. मग मुलाला एक गोष्ट सांगितली. ती मी घरात कधी काढलेली नव्हती.

मालवणच्या शाखेत एका खातेदाराला यांत्रिक नौकेसाठी दीड लाखाचे कर्ज मीच मंजूर केले होते. नजरगहाणाच्या कागदावर दोन्ही सह्या, त्याची आणि माझी. हप्ते बारा महिने सारखे बसवले होते, आणि पावसाळ्यात तर होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ही चूक कोणाच्या लक्षात यायला हवी होती, तर माझ्या. तपासणीला मी धक्क्यावर जात असे. इंजिनाचा नंबर, रंग, लांबी लिहून घेत असे. तो दर वेळी म्हणे, ''सायबानू, येक दिस येवा आमच्यावांगडा. दर्यो कागदार गावाचो नाय.'' मी हसून पुढच्या वेळी म्हणत असे. दुसऱ्या वर्षी त्याची नौका खडकाला लागली, पंखा आणि दांडा गेला, ऐन हंगामात दोन महिने बुडाले. तो मुदत मागायला आला. मी फाइल उघडून कलम दाखवले. ते कलमही चोख होते. नौका लिलावात गेली. त्या दिवशी तू दीड वर्षाचा होतास, असे मी मुलाला म्हणालो, आणि तुझ्या आईने घरी बांगड्याचे तिखले केले होते. तो मासा कोणी पाठवला होता, ते तिला माहीत नव्हते.

सौ. म्हणाली, ''आता माहीत झाले.''

मुलगा काही बोलला नाही. तो उठला, नांगराचा दोर तपासला, आणि वाळूत एक काटकी खोचून पाण्याची रेघ आखली. नात त्या काटकीपाशी बसून राहिली. पाचनंतर केव्हातरी ती ओरडली, ''आजोबा, भिजली!''

बोट सव्वासहाला तरंगली. मोटार वर उचलून, हळूहळू ढकलत आम्ही तिला वाटेवर आणले. परतताना सुकाणू मुलाकडे होते. मी शेजारी बसून मोठ्याने लाल पाट्यांचे आकडे वाचत होतो. ते काम मला दिले होते.

धक्क्यावर तोच तरुण विजेरी घेऊन थांबला होता. त्याने वाकून पंख्यावरून हात फिरवला, दोन ठिकाणी नखाने चाचपले आणि फळीवरच्या कागदावर लिहिले. मग उशिराचे दोन तास लिहिले. मुलगा खिशातून कार्ड काढत होता. मी म्हणालो, ''थांब, हे माझ्याकडून.'' तरुणाने कागद पुढे केला, मी सही केली. या वेळी वाचला नाही.

गाडीत बसल्यावर नातीने विचारले, ''आजोबा, त्या काकांना त्यांची बोट परत मिळाली का?''

कोणत्या काकांना, हे मी तिला विचारले नाही. ''नाही,'' म्हणालो.